दोन तारा, अर्धा सूर वर

आमच्या बोईसरच्या घरात कपाटावर एक करडी पेटी आहे. लांबट, कोपऱ्यांना पितळ मारलेली. येणारा प्रत्येक जण विचारतो, आत काय आहे — आणि मी प्रत्येकाला खरं सांगतो. गिटार आहे. आठ तारांची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. घिवलीच्या हरेश्वरकाकांची. तेही सांगतो, मोठ्या अभिमानाने सांगतो. पण ती काकांनी मला का दिली, हे आजवर मी एकाही माणसाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. देवाला माहीत असेल म्हणा. पण मी होऊन सांगितलेलं नाही.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायला लागलो की मी थोडं थोडं चांगलं करून सांगतो. ती माझी जुनी खोड आहे. तेव्हा मध्येच कुठे मी स्वतःला सांभाळून घेतोय असं वाटलं, तर समजून चाला की सांभाळूनच घेतोय.

मी मूळचा मिरजेकडचा. वाद्यांच्या गल्लीत लहानाचा मोठा झालो, पण वाद्यं करणाऱ्या घरातला नव्हे; आमचं किराणा दुकान. हार्मोनियम शिकलो, भजनात वाजवली. ऐंशीच्या आसपास बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका तारांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि इकडे आलो. सहा तारांची एक हवायन गिटार मुंबईहून जुनी विकत घेतली होती. त्या काळी ऑर्केस्ट्रात हवायन गिटारवाला असला की ऑर्केस्ट्राला वजन यायचं. मला ते वजन हवं होतं. सूर बरा होता माझा, हात बरा होता. पण बराच. बऱ्याच्या पुढे काही जात नव्हतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

एका रविवारी मासळी आणायला सायकलवर घिवलीला गेलो. दुपारची वेळ, गाव जेवून सुस्तावलेलं. एका घराच्या पडवीतून आवाज येत होता. काय सांगू तुम्हाला — मी सायकलवरून उतरलो आणि तसाच उभा राहिलो. हवायन गिटारच होती, पण माझ्या गिटारीतून असा आवाज मी कधी काढला नव्हता, कुणी काढलेला ऐकलाही नव्हता. सूर हळूच उगवायचा, भरायचा, आणि ओला होऊन विरायचा. पडवीत जाळ्यांच्या ढिगाला टेकून एक पन्नाशीचा माणूस बसला होता. उघडाबंब, कमरेला रुमाल, मांडीवर ती आठ तारांची लाकडी फळी. हो, फळीच, पोकळ पोट नाही तिला.

ते हरेश्वरकाका. गावाशेजारच्या वीजघराचं बांधकाम चालू होतं तेव्हा परदेशी तंत्रज्ञ येऊन राहिले होते, त्यांतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर काका आधी मासळी पोचवायचे, मग त्याच्या स्वयंपाकालाच राहिले. साहेब दक्षिणेकडचा, म्हणजे त्याच्या अमेरिकेच्या दक्षिणेकडचा. तिकडच्या गावाकडच्या गाण्यांना ते कंट्री म्हणतात, आणि त्या गाण्यांत ही गिटार रडते. साहेबाने काकांना दोन-तीन वर्षं शिकवलं आणि जाताना सगळं त्यांच्या हवाली केलं. गिटार, पोलादाची गुळगुळीत कांडी, बोटांत घालायच्या नख्या, काचेच्या व्हॉल्व्हचा एक छोटा अँप्लिफायर, आणि आपल्याकडच्या विजेवर तो जळू नये म्हणून लोखंडी ट्रान्सफॉर्मर. तो ट्रान्सफॉर्मर इतका जड की काकी तो लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवायची. वीजघराच्या पायथ्याशी गाव, आणि वीज सारखी जायची — दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वीज गेली की काका तसेच वाजवायचे, मग फक्त त्यांना आणि मांजरीला ऐकू जायचं.

गावात त्या वाजवण्याला 'साहेबाचं रडगाणं' म्हणत. काका हसायचे.

मी दर रविवारी जायला लागलो. काकांनी मला सगळं दिलं. शिकवतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. कुणी घरी आलं तर त्याच्यापुढे पाणी ठेवावं तसं ते ठेवत. उजव्या हाताच्या नख्यांनी तार छेडायची, आणि त्याच हाताच्या करंगळीने आवाजाची खुंटी वळवत न्यायची — सूर छेडल्यावर आवाज वाढवायचा, त्यामुळे तो उगवल्यासारखा येतो. रडणं म्हणतात ते त्या करंगळीत होतं. कांडी तिरकी धरून दोन तारांवर दोन वेगळे सूर कसे साधायचे तेही त्यांनी दाखवलं. आणि जुळणी. खरी गंमत जुळणीत होती.

हे तुम्हाला समजायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. अवघड नाही. आपल्याकडे हवायन गिटारीच्या तारा सा, ग, प यांतच फिरवून लावत — उघड्या तारा छेडल्या की नीटस, गोड, थोडं बाळबोध वाटतं. साहेबाच्या जुळणीत त्या तिघांच्या जोडीला ध होता. सा ग प ध, सा ग प ध. बस. त्या एका ध मुळे सगळा रंग पालटायचा. हसताना डोळ्यांत पाणी यावं तसं व्हायचं. आठ तारांत दोन तारा ध च्या. पेटीच्या झाकणात आतून साहेबाने एक कागद डकवला होता, त्यावर त्याच्या हातची इंग्रजी अक्षरं, कुठली तार कुठल्या सुरात. तशा तीन जुळण्या लिहिलेल्या होत्या. साहेब म्हणायचा म्हणे, की तिकडचे जुने वाजवणारे टेबलाएवढी गिटार ठेवतात, तिला दोन-दोन, तीन-तीन माना, प्रत्येक मानेची जुळणी वेगळी. आपल्याला एकच मान, तर आपण एकच जुळणी धरून बसू. काकांनी ती एकच धरली. कागद त्यांना वाचता येत नव्हता आणि त्यांना तो लागतही नव्हता. तार तुटली की नवी लावायचे, खुंटी पिळायचे, आणि तार जिथे थांबायला हवी तिथे त्यांचा हात थांबायचा.

त्या कानाबद्दल सांगतो. हे टाळून चालणार नाही.

काकांच्या पुतण्याची होडी होती. पुतण्या म्हणजे रमाकांत, तोच तांडेल, होडी हाकणारा. काका त्या होडीवर जायचे ते जाळं ओढायला नव्हे. घोळ नावाचा मोठा मासा असतो, थोरामोठ्यांच्या ताटात जाणारा. त्याचा कळप पाण्याखाली घुमतो, आवाज करतो. रमाकांत मशीन बंद करायचा, काका वल्हं पाण्यात सोडायचे आणि त्याच्या मुठीला कान लावून बसायचे. मग हाताने दिशा दाखवायचे. मी एकदा गेलो होतो त्यांच्याबरोबर, दिवसाउजेडी. माझ्याही हातात त्यांनी वल्हं दिलं. मला फक्त पाणी ऐकू आलं. काका म्हणाले, "ऐकायला जायचं नाय, भाऊ. गप बसायचं. मग ते आपलं आपण येतं." मी गप बसलो, काही आलं नाही. त्यांनी उजवीकडे बोट केलं, तिकडे जाळं टाकलं, आणि घोळ निघाली. होडीवरची माणसं काकांकडे ज्या तऱ्हेने बघत, ते बघणं मला आजही आठवतं. शाबासकी नव्हती त्यात. भरवसा होता.

मला तेव्हाच हेवा वाटला का? वाटला असणार. माणूस आपल्याला भरभरून देतो तेव्हा आपण त्याचे ऋणी होतो असं म्हणतात. मी झालो नाही. मी मोजत राहिलो, की याच्याकडे अजून काय आहे जे माझ्याकडे नाही.

माझ्या सहा तारांच्या गिटारीवर मी ती जुळणी चढवली — सा ग प ध सा ग — आणि मी ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो होतो तिथे वाजवली. लोक वळून बघायला लागले. ऑर्केस्ट्राचे मास्तर विचारते झाले, हे काय केलंत? आणि मी म्हणालो, माझा शोध आहे. प्रयोग करता करता सापडलं.

आयत्या बिळावर नागोबा. पण हा माझा कबूल करायचा गुन्हा नव्हे. हा तर नुसता त्याचा पाया. असल्या थापा ऑर्केस्ट्रात सगळेच मारतात. इथेच थांबलो असतो तर आज तुमच्याशी बोलत बसलो नसतो.

दोन वर्षांनी कामगारांच्या वसाहतीतल्या गणपतीत आमचा मोठा कार्यक्रम ठरला. मास्तर एक दिवस म्हणाले, घिवलीला एक म्हातारा म्हणे असंच वाजवतो, वीजघरातले लोक सांगत होते. त्याला स्टेजवर आणू. तुम्ही दोघं समोरासमोर, लोक खूश होतील.

मी हो म्हणालो. हसून म्हणालो. आणि घरी जाऊन जेवलो नाही. काका स्टेजवर बसले, त्यांनी एक तार छेडली, की त्याच क्षणी सगळ्यांना कळणार होतं — मास्तरांना, पोरांना, मला साहेबी गिटारवाला म्हणणाऱ्या सगळ्या वसाहतीला — की हा शोध कुणाचा आणि उष्टं कुणाचं. काकांनी तर तोंडानेही सांगितलं असतं, सहज, की भाऊला मीच दाखवलं. त्यांच्या मनात काही नसतं. तेच तर वाईट होतं.

काका मात्र आनंदात होते. त्यांना कुणी कधी स्टेजवर बोलावलं नव्हतं. त्यांच्या तारा खाऱ्या हवेने गंजून काळ्या पडल्या होत्या. मी म्हणालो, सगळ्या नव्या घालू. आमच्या कारखान्यात स्प्रिंगची तार निघायची, बारीक तारा मी तिथून आणल्या, वरून बारीक तार गुंडाळलेल्या जाड तारा मुंबईहून. नारळी पौर्णिमेला चार-सहा दिवस होते. होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे काका घरीच. दुपारी पडवीत बसून आम्ही जुन्या आठही तारा काढल्या आणि नव्या चढवल्या. तोवर माझ्या मनात काही नव्हतं, असं मला म्हणायचंय — पण ते खोटं आहे. येताना रस्त्यातच ठरवून आलो होतो.

काकांनी अर्ध्या तासात गिटार लावली. कागद न बघता, कशाचाही आधार न घेता. मी शेजारच्या घरातून भजनी मंडळाची हार्मोनियम आणली आणि एकेक सूर मनाशी ताडून पाहिला. आठच्या आठ तारा अचूक होत्या.

आणि मी म्हणालो, काका, एकदा साहेबाच्या कागदावरून पडताळून घेऊ. स्टेजचं काम आहे.

"बरं झालं," काका म्हणाले, "मला काय वाचता येत नाय. तूच बघ."

मी झाकण उघडून कागद वाचण्याचं सोंग केलं. हार्मोनियमवर सा दाबला, बरोबर. ग, बरोबर. प, बरोबर. मग ध ची पांढरी पट्टी सोडून तिच्या लगतची काळी दाबली. कोमल नि. अर्ध्या सुराचं अंतर, एका बोटाचं. म्हणालो, काका, या दोन तारा उतरल्यात तुमच्या. कागदावर हा सूर आहे. आणि मीच हाताने त्या दोन खुंट्या पिळून तारा वर चढवल्या.

काकांनी छेडून पाहिलं. आता तुम्ही गाणारे-वाजवणारे नसाल तर तुम्हाला ते बेसूर वाटणार नाही, इतकी ती लबाडी साजूक होती. पण त्यात समाधान नाही. गाणं कुठेतरी जायला निघतं आणि उंबऱ्यातच उभं राहतं. आणि काकांचा हात सवयीने जिथे जाई, तिथे आता त्यांचा सूर नव्हता. त्यांनी एक चाल सुरू केली, थांबले. परत सुरू केली. माझ्याकडे बघितलं.

"मला असं का वाटतं रे, ह्या दोन तारा चढल्यात म्हणून?"

मी हार्मोनियमची काळी पट्टी पुन्हा दाबली. तार छेडली. जुळतंय ना? जुळत होतं. कागद साहेबाच्या हातचा आहे ना? होता. मग मी ते वाक्य बोललो. आवाजात माया आणून बोललो, हे मला विसरता येत नाही. म्हणालो — काका, वय होतं. पन्नाशीनंतर कान उतरतो. सगळ्यांचाच उतरतो, आपल्याला कळत नाही.

कबूल करायचं ते हे. एवढंच ते. कागद खोटा वाचला हे मी कदाचित माफ करू शकलो असतो स्वतःला. पण त्या माणसाला मी त्याच्या कानाबद्दल खोटं सांगितलं, आणि त्याने मान हलवली.

दुसऱ्या रविवारी गेलो तर त्या दोन तारा त्यांनी खाली उतरवलेल्या होत्या, बरोबर ध वर. ओशाळून म्हणाले, राहवलं नाय. मी परत हार्मोनियम आणली, परत कागद, परत काळी पट्टी. परत चढवल्या. आठवड्यातल्या एका सुट्टीला गेलो तेव्हाही उतरवलेल्या, तेव्हाही चढवल्या. चौथ्यांदा गेलो तेव्हा तारा मी ठेवल्या तशाच होत्या. त्यांनी हात लावला नव्हता. गिटारीवर रुमाल झाकलेला होता.

कार्यक्रमाच्या आधी त्यांनी निरोप पाठवला की तब्येत बरी नाही. मी एकट्यानेच वाजवलं. टाळ्या पडल्या.

मला वाटलं, झालं, संपलं. एवढ्यापुरतंच तर होतं. पुढच्या महिन्यात जाऊन म्हणेन, काका, माझीच चूक झाली वाचायला. खरंच म्हणणार होतो का? कोण जाणे. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा रमाकांत किनाऱ्यावर भेटला. म्हणाला, "काका वल्ह्याला कान लावत नाय आता. म्हणतो, वरचं नीट ऐकू येत नाय, तर पाण्याखालचं काय ऐकणार मी? तुमच्या पोटावर कशाला पाय आणू."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, विश्वास ठेवा. की ठेवू नका. मला गिटारीपुरता त्यांचा कान मोडायचा होता. पण माणसाला गिटारीचा एक आणि दर्याचा एक असे दोन वेगळे कान असतात थोडेच? केसाने गळा कापणं म्हणतात. मी तारेने कापला होता.

तेव्हा सांगता आलं असतं. रमाकांत समोर उभा होता, काकांचं घर शंभर पावलांवर. मी म्हणालो, वय झालं की व्हायचंच.

दिवाळी झाली आणि एक दिवस काका बोईसरला माझ्या खोलीवर आले. एसटीने. एका हातात ही करडी पेटी, दुसऱ्या हातात पंच्यात बांधलेला तो अवजड ट्रान्सफॉर्मर, आणि काखेत सुक्या बोंबलांची पुडी. अँप्लिफायर नंतर रमाकांत टेम्पोने पोचवणार होता. चहा घेतला. खोलीत इकडे तिकडे बघितलं, भिंतीवरचा माझा स्टेजवरचा फोटो बघितला, म्हणाले छान आलाय. मग म्हणाले, "ही तुझ्याकडे राहू दे. कान असलेल्या माणसाकडं असावी."

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो, रीत म्हणून. तिसऱ्यांदा ठेवून घेतली.

ते गेल्यावर मी दार लावलं, पेटी उघडली आणि त्या दोन तारा अर्धा सूर खाली उतरवल्या. ते एसटी स्टँडवरसुद्धा पोचले नसतील.

त्यानंतर दहा-बारा वर्षं मी त्या गिटारीवर वाजवलं. पालघरला, डहाणूला, केळव्याच्या लग्नांत, एडवणच्या जत्रेत. नाव झालं. कुणी विचारलं तर म्हणायचो, गिटार घिवलीच्या काकांनी आशीर्वाद म्हणून दिली, जुळणी माझी. आशीर्वाद. हा शब्द मी वापरायचो. काकांच्या घरी जाणं कमी केलं, मग दिवाळीपुरतं ठेवलं. चोराच्या मनात चांदणं; त्यांनी साधं "बस" म्हटलं तरी मला वाटे, कळलं यांना.

त्यातच एकदा रमाकांतने मला एक गोष्ट सांगितली. हसत सांगितली, होडीवरची गंमत म्हणून. काका अजून जायचे होडीवर, बसून जाळी निवडायला. एक दिवस मशीन बंद असताना वल्हं त्यांच्या खांद्याला टेकलेलं होतं, आणि ते एकदम म्हणाले, इथं हाय. सगळे थांबले. मग त्यांनीच हात हलवला. नको, माझं काय धरू नका, कान गेलाय माझा. होडी पुढे गेली. मागून सातपाटीची होडी आली, तिने तिथेच जाळं टाकलं आणि घोळीने भरून गेली. "म्हातारा तेवढा एकदा बरोबर निघाला," रमाकांत म्हणाला, "पण त्यालाच पटलं नाय. मग आमी तरी कशाला ऐकतो?"

मी पण हसलो. त्याच्याबरोबर हसलो मी.

काका म्हातारपणाने थकत गेले आणि सन पंच्याण्णवच्या सुमारास एका उन्हाळ्यात अंथरुणाला खिळले. काकीने निरोप धाडला, त्यांना गिटार ऐकायची आहे, येऊन जा.

आता हे शेवटचं. यानंतर मला काही सांगायचं नाही.

निरोप आला त्या सकाळी मी पेटी उघडून बसलो. तारा बरोबर होत्या, माझ्या दहा वर्षांच्या टाळ्या त्याच जुळणीवर उभ्या होत्या. तशीच गिटार घेऊन गेलो असतो आणि तशीच छेडली असती, तर मला तोंडाने एक शब्द बोलावा लागला नसता. पहिल्या सुराला त्यांना कळलं असतं. कान गेला नव्हता हे कळलं असतं. आणि मी कोण आहे, तेही. दोन्ही एकदम कळलं असतं, त्यातलं एक गाळता येत नव्हतं.

मी त्या दोन खुंट्या पिळल्या. अर्धा सूर वर. हार्मोनियम लागली नाही. इतक्या वर्षांनीही मला तो सूर नेमका ठाऊक होता.

घिवलीला दुपारी पोचलो. त्याच पडवीत खाट टाकली होती. काका अगदी वाळले होते, पण मला बघून हसले आणि काकीला म्हणाले, भाऊला पाणी दे. ट्रान्सफॉर्मर लावला, अँप्लिफायर तापू दिला, गिटार मांडीवर घेतली. साहेबाची एक चाल होती, त्यांनीच मला पहिल्यांदा शिकवलेली. ती वाजवली. करंगळीने आवाज हळूहळू वर नेत, त्यांनी दाखवलं होतं अगदी तसं. डोळे मिटून ऐकत होते. ध च्या जागी आलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, दर वेळी, नेमकी तिथेच. मी बघत होतो. बघत वाजवत होतो.

संपल्यावर म्हणाले, "लागलेली हाय ना रे नीट?"

मी म्हणालो, लागलेली आहे, काका.

 त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मला अजून तसंच चुकीचं ऐकू येतं," ते म्हणाले. "म्हणजे कान गेलाच होता. बरं झालं समजलं. इतकी वर्षं वाटायचं, आपण उगाच तर होडी सोडली नाय?"

आणि त्यांचा चेहरा निवांत झाला. आठ-दहा दिवसांनी ते गेले.

त्यांच्या त्या निवांत चेहऱ्याचा आधार घेऊन मला सुटता आलं असतं. मी पुष्कळदा प्रयत्नही केला, की बघा, शेवटी शांत मनाने गेले. पण ते मनाला लागत नाही, आणि लागूही नये. काकी आता नाही. रमाकांत आहे, त्याचा मुलगा होडी बघतो, घोळ आता यंत्रावर शोधतात. ऑर्केस्ट्रा मी केव्हाच सोडला. गिटार कपाटावर आहे. त्या दिवशी घिवलीहून आल्यावर पेटी बंद केली, ती तशीच. त्या दोन तारा अजून चढलेल्याच आहेत.

हरेश्वरकाकांचा कान शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होता. हे त्यांना सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो त्यांच्या खाटेशी बसून वाजवत होता.